लिंबापाशीचं लाल वर्तुळ

नकाशा मी काढला होता. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथून झाली.

साल दोन हजार नऊ. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून त्याच वर्षी निवृत्त झाले होते. ऑक्टोबरात एका सकाळी बद्रीनाथ घरी आला. तो माझा जुना विद्यार्थी, शेंद्र्याचा. गावाकडची जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्याने स्टेशन रोडला लॉज काढलं होतं. वेरूळ-अजिंठा बघायला येणारे पाहुणे त्याच्याकडे उतरत, त्यांत निम्मे परदेशी. हॉटेलवाल्यांच्या संघटनेचा तो त्या वर्षी सचिव होता.

"मॅडम, पाहुणे विचारतात, शहरात कुठं जपून राहायचं," तो म्हणाला. "आम्ही सांगतो, कुठंच नाही, बिनधास्त फिरा. मग तोच पाहुणा संध्याकाळी येऊन म्हणतो, माझा कॅमेरा गेला. त्या वेळी आमचं तोंड बघण्यासारखं असतं."

"मग मी काय करू?"

"तुम्ही आम्हाला आलेख काढायला लावायचात ना, तसंच काहीतरी. कुठं किती चोऱ्या होतात त्याचा नकाशा. एका पानावर छापून प्रत्येक खोलीत ठेवू."

मला काम आवडलं. निवृत्तीनंतर मोजण्यासारखं काही हाती राहिलं नव्हतं. बद्रीनाथने पोलिस चौकीतून परवानगी आणली आणि हवालदार पुंजाराम यांनी पर्यटकांच्या वर्षभराच्या तक्रारी मला वाचून दाखवल्या. ते वस्तू आणि जागा सांगत, मी नकाशावर ठिपका देई. एकंदर एकतीस तक्रारी. बस स्थानकावर चार, मकबऱ्याबाहेर तीन, पाणचक्कीला दोन, आठ इकडेतिकडे. उरलेल्या चौदा औरंगपुऱ्यातल्या एकाच गल्लीत. त्या चौदाही नोंदींत जागा एकच लिहिली होती, लिंबाच्या झाडापाशी.

"झाडापाशीच कशा काय सगळ्या?" मी विचारलं.

"गल्लीत हिमरू शालींचं दुकान आहे, मॅडम. पाहुणे तिथं रिक्षातून उतरतात, पिशवी चाचपतात आणि बघतात तर वस्तू नाही. आता नोंदीत खूण काय लिहायची? एका दुकानाचं नाव लिहिलं तर तो दुकानदार भांडायला येतो. झाड भांडत नाही."

मी झाडाभोवती लाल वर्तुळ काढलं. खाली इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: लाल खुणेच्या जागी थांबू नका, सामान सांभाळा. माझ्या घरापासून ती गल्ली रिक्षाने दहा मिनिटांवर होती. मी तिथे गेले नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत निरीक्षण न करता लिहिलेला निष्कर्ष मी तीस वर्षं लाल शाईने खोडत आले होते. इथे लाल शाई माझीच होती.

जानेवारीत बद्रीनाथ पुन्हा आला. या वेळी हातात पेढे होते.

"मॅडम, तुमचा नकाशा तंतोतंत निघाला. नोव्हेंबर-डिसेंबर, दोन महिन्यांत त्या लिंबापाशी नऊ तक्रारी."

"गेल्या वर्षी याच दोन महिन्यांत किती होत्या?"

त्याने खिशातला कागद काढला. मी विचारणार हे त्याला ठाऊक होतं. "चार."

"आणि बाकीच्या शहरात?"

"तिकडे गेल्या वर्षीएवढ्याच, जवळपास."

मी पेढा हातात धरून बसले. ज्या जागी थांबू नका म्हणून सांगितलं त्याच जागी तक्रारी दुपटीहून वाढल्या होत्या. सूचनेचा काहीच परिणाम झाला नसता तर मला नवल वाटलं नसतं. पण उलटा परिणाम झाला, तर मधे काहीतरी असतं.

"चोरही सापडला," बद्रीनाथ म्हणाला. "झाडाखाली एक म्हातारी बसते, बानाबाई. मेंढपाळांची आहे. घोंगड्या आणि काळे करदोडे विकते. काकासाहेबांनी तिच्या डोक्यावरच्या फांदीला कॅमेरा लटकलेला बघितला, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. काकासाहेब म्हणजे गल्लीतल्या दुकानदारांचे अध्यक्ष. कापडाचं दुकान आहे त्यांचं."

"तिला विचारलं का कुणी?"

"विचारलं की. कुणाचा कॅमेरा, तर म्हणाली, ज्याचा हाय त्याचा." तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "सोमवारी दुकानदार चौकीत लेखी अर्ज देणार आहेत. हवालदारही येणार आहेत. तिला उठवतील. आणि आता महापालिकेचं फेरीवाल्यांचं ओळखपत्र निघतंय, त्यासाठी तिचं नाव लिहून घेतलं होतं. अर्ज झाला की ते गेलं. कार्ड नाही म्हटल्यावर गावात तिला दुसरीकडेही कुणी बसू देणार नाही."

"किती वर्षं बसते तिथे?"

"बावीस, असं म्हणतात. मॅडम, तुमच्या नकाशाची झेरॉक्स जोडलीय अर्जाला. पुरावा म्हणून."

तो गुरुवार होता. बद्रीनाथ गेल्यावर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. चोरलेली वस्तू कुणी दिवसाढवळ्या स्वतःच्या डोक्यावर टांगून ठेवतं का?

शुक्रवारी सकाळी मी गुलमंडीच्या बाजूने रिक्षाने त्या गल्लीत शिरले. पर्स मांडीवर धरली होती. चष्म्याचं घर शेजारी सीटवर ठेवलं होतं, कारण चष्मा डोळ्यांवर होता आणि मला सगळं नीट बघायचं होतं. गल्ली उताराची, दोन्ही बाजूंना दुकानं, रस्त्यावर आलेले बादल्यांचे आणि चपलांचे ढीग. पुढे गल्ली उजवीकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, डाव्या हाताला, तो लिंब. झाडाखाली एक म्हातारी चातीवर लोकर कातत बसली होती. एवढं दिसेपर्यंत रिक्षा वळली, एक दणका बसला आणि झाड मागे गेलं.

हिमरूच्या दुकानापाशी उतरले. सीटवर चष्म्याचं घर नव्हतं.

रिक्षावाल्याला थांबवून मी आत, खाली, सगळीकडे बघितलं. मग चालत मागे आले. झाडापासून दुकानापर्यंत साधारण साठ पावलं. मी जमिनीवर बघत गेले, बघत परत आले. घर निळ्या रंगाचं, दहा हातांवरूनही दिसण्यासारखं. नव्हतं. म्हातारी कातत होती. तिच्यापुढे चार घोंगड्या, काळ्या करदोड्यांची जुडी आणि टोकाला लोखंडी आकडी बसवलेली लांब काठी. रानात शेळ्या-मेंढ्यांसाठी फांद्या खाली ओढतात, तसली.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहिते. मनात आलं, हिनेच घेतलं. चार मिनिटांत एवढ्या जवळून दुसरं कोण घेणार? नकाशा बरोबर होता तर, असंही आलं, आणि त्यात थोडं समाधानही होतं.

मी तिसऱ्यांदा झाडापाशी आले तेव्हा तिने चाती थांबवली.

"काय हुडकता, बाई?"

"चष्म्याचं घर. निळं."

तिने काठी उचलली आणि वर दाखवली. माझ्या डोक्याच्या वर दीड-दोन हातांवर, एका आडव्या फांदीला, काळ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधलेलं माझं निळं घर वाऱ्यावर हलत होतं.

"मघाशीच का नाही सांगितलं?" मी म्हणाले. आवाज जरा मास्तरणीसारखा निघाला.

"तुमी खाली कुठं बघत हुता? माझ्याकडंच बघत हुता. मला वाटलं, माझंच काय हरवलंय का काय."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. ती काठी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "घ्या काढून. मी टांगते, काढत नाय. ज्याचं त्यानं काढायचं."

आकडीने दोरा ओढायला मला तीन प्रयत्न लागले. ती तोंडाला पदर लावून बघत होती. घर खाली आल्यावर मी वर नीट बघितलं. फांद्यांत आणखी वस्तू होत्या. पानांच्या आड होत्या, म्हणून झाडाकडे सहज बघणाऱ्याला दिसल्या नसत्या. एक गवती टोपी. पाण्याची बाटली. दोन काळे चष्मे. गळ्यात अडकवायचं पाकीट. लहान मुलाचा एक बूट. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला कॅमेरा. आत पानांत आणखी तीन-चार. प्रत्येकाला काळा दोरा आणि सगळ्यांची गाठ सारखी.

मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले. "हे सगळं असं का टांगता?"

"आमच्यात तसंच आसतं." तिने पुन्हा चाती फिरवली. "रानात मेंढरामागं जाताना कुणाचं काय पडलेलं घावतं. घोंगडी म्हना, विळा म्हना, येखादी चप्पल. ते घरी न्यायचं नाय. घरी नेलं की चोरी. खाली बी ठिवायचं नाय, मेंढरं तुडवत्यात. तिथंच जवळच्या झाडाला टांगायचं, मेंढराचं तोंड पोचनार नाय एवढं वर. ज्याचं पडलं तो आपल्या पावलावर माघारी येतो. मान वर करतो अन् घिऊन जातो."

"आणि कुणाचं आहे म्हणून विचारायचं नाही? ओरडून?"

"हाळी द्यायची नाय, बाई. हाळी दिली की धा जन येतात. समद्यांचंच आसतं. गप बसलं की येकच येतो."

हे इतकं सरळ होतं की मला त्यात खोट सापडेना. प्रयोगशाळेत कुणाचं काही सापडलं तर मी वर्गात विचारायची, हे पेन कुणाचं, आणि खरोखरच दोन-तीन हात वर यायचे.

"पण हे शहर आहे, बानाबाई. पाहुणे रिक्षाने येतात. त्यांची पावलं उमटतच नाहीत."

"यायचे की. बावीस सालं बघते. दुकानाकडून खाली मान घालून हुडकत यायचे. इथं थांबले की मी काठीनं वर दावायची. लई हासायचे. एक गोरी बाई तर माझा फोटो काढून गेली." तिने कातलेला दोरा चातीला गुंडाळला. "दिवाळीपास्नं येत नायत. आला तरी थांबत नाय. हातातला कागद बघतो, मला बघतो अन् भराभरा चालाय लागतो. थांबलाच नाय तर काय दावू? म्हनून एवढं साठलं. आधी फांदीला कधी तीनाच्या वर नसायचं. आन् काकासाहेबाचं ध्यान कधी गेलं नसतं."

नऊ तक्रारींचं कोडं सुटलं होतं. मधे जे काहीतरी होतं ते मीच लिहिलेली इंग्रजी ओळ होती. थांबू नका.

"तो बी येक टांगलाय," ती म्हणाली आणि काठीने खोडाजवळची फांदी दाखवली. चार घड्या घातलेला कागद, मधोमध दोरा. एक घडी उलगडून लोंबत होती. माझं लाल वर्तुळ त्यावर दिसत होतं. "कुना पाव्हण्याचा पडला. हे तांबडं कशाचं हो, बाई? तुमी शिकलेल्या दिसता."

"खूण आहे."

"कशाची?"

"इथे सामान पडतं, त्याची," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. निघताना मी तो कागद काढून घेतला नाही.

घरी येताना एक प्रश्न उरला होता. सामान पडतं हे कळलं, पण नेमकं इथेच का पडतं? शनिवारी मी तोच रिक्षावाला शोधून त्याला दोन तासांसाठी ठरवलं. घरून साबणाची रिकामी डबी, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, लोकरीचा गुंडा, जुनं पाकीट असं सामान घेतलं. गुलमंडीकडून दहा वेळा त्या वळणावरून जायचं, सामान सीटच्या डाव्या कडेला ठेवायचं आणि काय होतं ते लिहायचं.

तिसऱ्या फेरीत मला दिसलं. वळणावर डाव्या कडेला गटाराचं झाकण होतं. रस्त्यावर पुन्हा पुन्हा डांबर पडून रस्ता वर आला होता, म्हणून झाकणाच्या अलीकडे उंचवटा आणि पलीकडे वीतभर खड्डा तयार झाला होता. रिक्षा उजवीकडे वळते तेव्हा आतलं सगळं डावीकडे ढकललं जातं. नेमक्या त्याच क्षणी डावं मागचं चाक उंचवट्यावर चढून खड्ड्यात उतरतं आणि रिक्षा डावीकडे कलते. रिक्षाची उघडी बाजूही डावीच. तिन्ही गोष्टी एका जागी. सावकाश गेलं तर काही होत नव्हतं. पण उतारावर सावकाश कोण जातं?

"कायकू मॅडम, ये तो रोज का धक्का है," रिक्षावाला म्हणाला. "हमना मालूम है, हम पकड के बैठते. पीछू वाले का सामान कौन देखता? आवाज भी नईं आता, इत्ते हॉर्न में."

दहा फेऱ्यांत सहा वेळा काहीतरी पडलं. मांडीवर धरलेली पर्स एकदाही नाही. सहाही वेळा मी परत येईपर्यंत वस्तू फांदीवर गेली होती. चौथ्या वेळी बानाबाई म्हणाली, "बाई, तुमाला वस्तू सांभाळता येत नाय. माझा दोरा संपंल."

दुपारी मी हवालदार पुंजारामांना चौकीत भेटले आणि नोंदवही पुन्हा मागितली. झाडावर अकरा वस्तू होत्या, माझा नकाशा सोडून. त्यांतल्या सात, या हिवाळ्यातल्या नऊ तक्रारींशी जुळल्या. मुलाचा बूट आणि आणखी तीन वस्तूंची तक्रार कुणी केलेलीच नव्हती. नऊपैकी उरलेल्या दोन कुठे गेल्या ते मला आजही ठाऊक नाही. त्या जुन्या चौदांचंही नाही. बानाबाईच्या हाताला लागण्याआधी कुणी उचलून नेल्या असतील, किंवा खरोखर कुणी खिसा कापला असेल. शहर आहे.

हवालदारांनी माझी यादी बोट ठेवून ओळीओळीने वाचली. "मला पटतंय, मॅडम. पण अर्ज दुकानदारांचा आहे. काकासाहेबांना पटलं तर अर्ज येणार नाही. आला तर मला घ्यावा लागेल."

सोमवारी दहा वाजता काकासाहेबांच्या दुकानासमोर सहा-सात दुकानदार आणि हवालदार जमले होते. काकासाहेब पाचोडचे, सत्तरीला आलेले, पांढरी टोपी, कमरेला पान-सुपारीची तांबड्या कापडाची चंची. गावी त्यांची मोठी शेती होती. बानाबाई आपल्या जागी बसून होती. घोंगड्या मात्र तिने पुढ्यात मांडल्या नव्हत्या. बांधून ठेवल्या होत्या.

मी सांगायचं ते सांगितलं. वळण, झाकण, चाक, दहांतल्या सहा फेऱ्या. बद्रीनाथही आला होता. तो मान हलवत होता, पण तो वर्गातही असाच न समजता मान हलवायचा.

काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुमचं खरं असंल. पण मी चाळीस वर्षं ह्या गल्लीत आहे. माझा कधी सुतळीचा तोडासुद्धा पडला नाही."

"तुम्ही या वळणावरून चालत जाता, काकासाहेब. रिक्षाने कधी गेलात?"

"दारातल्या दारात रिक्षा कशाला करू?"

"आज करा. हवालदारसाहेब सोबत बसतील."

दुकानदार हसले. काकासाहेबही हसले आणि मग नाही म्हणणं त्यांना जड गेलं. गुलमंडीच्या टोकाला दोघं रिक्षात बसले. हवालदार अंगाने भक्कम, ते आधी चढून उजवीकडे बसले. काकासाहेबांच्या वाट्याला डावी कड आली. अडचण झाली म्हणून त्यांनी कमरेची चंची सोडून शेजारी ठेवली. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं, हे नमूद करते.

रिक्षा आली, वळली, दणका बसला आणि दुकानापाशी थांबली. मी झाडाच्या अलीकडे उभी होते. चंची कडेला येऊन अलगद खाली पडलेली मी बघितली. बानाबाई उठली. जाणाऱ्या दोन स्कूटरी तिने हात करून थांबवल्या, चंची उचलली, खिशातून काढावा तसा कमरेतून दोरा काढला, एक गाठ मारली आणि आकडीने फांदीवर चढवून पुन्हा कातायला बसली. मनातल्या मनात मी सावकाश पंधरापर्यंत मोजलं होतं.

काकासाहेब रिक्षातून उतरले. कमर चाचपली. सीट चाचपली. हवालदारांना उठवून त्यांच्याखाली बघितलं. मग खाली मान घालून गल्लीतून चालत आले. ते झाडापर्यंत आले, परत गेले, पुन्हा आले. एकदा त्यांनी बानाबाईकडे बघितलं. ते बघणं मी ओळखलं. शुक्रवारी मी तसंच बघितलं होतं.

शेवटी ते थांबले. "बाने, माझी चंची बघितली का गं?"

"कशी हाय, मालक?"

"कशी हाय म्हंजी? तुला ठाव नाय व्हय? रोज तर बघतीस."

"रोज तुमच्या कमरेला बघते," बानाबाई म्हणाली आणि काठी वर केली.

काकासाहेबांनी वर बघितलं. टोपी पडू नये म्हणून एक हात टोपीवर ठेवून ते कितीतरी वेळ तसेच बघत राहिले. चंचीच्या शेजारी बाटली, टोपी, चष्मे. पलीकडे कॅमेरा.

"आमच्या बांधावर बाभळ होती," ते हळूच म्हणाले, आमच्यापैकी कुणालाच नाही असं. "वडील दर साली शेतात मेंढरं बसवायचे. मेंढपाळांचा वाडा उठून गेला की बाभळीला काहीतरी लटकलेलं असायचं. एकदा आमच्या बैलाची घुंगरमाळ होती. मला वाटायचं, ह्या लोकांचा नवस असंल काहीतरी. वडील नुसते जाऊन काढून आणायचे." त्यांनी बानाबाईकडे बघितलं. "मला कधी सांगितलं नाही कुणी."

"त्यात सांगायचं काय, मालक? ज्याचं त्याला कळतं. घ्या."

तिने काठी पुढे केली. काकासाहेबांना आकडी लागेना. एका दुकानदाराने स्टूल आणू का म्हणून विचारलं, तेव्हा ते ओरडले, "राहू दे. जमतंय मला." चौथ्या वेळी चंची खाली आली. त्यांनी ती उघडली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि हवालदारांना म्हणाले, "साहेब, अर्जाचा कागद माझ्याकडंच आहे. तो माझ्याकडंच राहू द्या. त्या झाकणाचा अर्ज कुठं द्यायचा ते सांगा."

हवालदारांनी पंचनामा केला. सात वस्तू नोंदवहीशी ताडून बद्रीनाथच्या ताब्यात दिल्या, ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पाठवायला. फांदीवरून त्या काढायच्या वेळी बानाबाई अडून बसली की ज्याचं त्यानं काढावं. शेवटी हवालदार म्हणाले की तक्रार माझ्याकडे आली तेव्हाच ती वस्तू माझी झाली. हे तिला पटलं.

सगळे पांगू लागले तेव्हा बद्रीनाथ माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, झालं ना? तुमचं नाव कुठंच आलं नाही, बरं झालं."

नाव आलं नव्हतं. अर्जाला जोडलेली झेरॉक्स काकासाहेबांच्या खिशात गेली होती आणि नकाशा कुणी काढला हे गल्लीत कुणी विचारलं नव्हतं. बानाबाई घोंगड्यांची गाठ सोडून एकेक पुढ्यात मांडत होती. खोडाजवळच्या फांदीला चार घड्यांचा कागद अजून हलत होता.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बानाबाई, तो कागद माझा आहे."

तिने वर बघितलं, मग माझ्याकडे. "तुमचा? त्या दिवशी नाय बोललात."

"नाही बोलले. मीच काढलाय तो. ते तांबडं सामान पडतं म्हणून नव्हतं. इथे चोर आहे, थांबू नका, असं होतं. त्याच्यामुळे पाहुणे थांबेनासे झाले."

तिने घोंगडीवरची काडी वेचून टाकली. दुसरी वेचली. काकासाहेब दुकानाच्या पायरीवरून ऐकत होते.

"इथं कधी येऊन बसला हुता, ते काढायच्या आधी?" तिने विचारलं.

"नाही."

"न येता जागा तर बराबर काढली की," ती म्हणाली. "नुसतं लिवलं चुकीचं." आणि काठी माझ्याकडे सरकवली.

या वेळी पहिल्याच प्रयत्नात आकडी लागली. त्याच आठवड्यात बद्रीनाथने नवीन पान छापलं. वर्तुळ होतं तिथेच राहिलं. खालची ओळ मी बदलली: काही हरवलं तर इथे परत या, थांबा आणि वर बघा. पण ते नंतरचं. तेव्हा मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होते, तोच बानाबाईने हात पुढे केला.

"दोरा माझा हाय, बाई," ती म्हणाली. "तेवढा सोडून द्या."

गाठ घट्ट होती. ती सोडवायला मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले.